नवी बॉडी घ्यायची का? आधी वाया गेलेले फोटो मोजा

"दादा, सेव्हन थ्री विकून सेव्हन फोर घेऊ का?" दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस हा फोन मला हमखास येतो. कॅमेऱ्याचं नाव दर वर्षी बदलतं, प्रश्न तोच असतो. माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे: लॅपटॉपवरची कचरापेटी रिकामी केली नाहीस ना? नसेल, तर आधी ती उघड.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. सुट्टीच्या दिवशी लग्नं आणि हिवाळ्यात भिगवणचे पक्षी, असं माझं काम. २०१९ पासून हाताशी सोनीची ए-सेव्हन थ्री. जानेवारी २०२२ मध्ये ए-सेव्हन फोर भारतात आली, नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, २,४२,४९० रुपयांना. मी ॲडव्हान्स द्यायला निघालोच होतो. आदल्या रात्री सहज मागच्या चार शूटमधले टाकाऊ फोटो चाळले आणि दुकानात गेलोच नाही. का, ते पुढे येईलच.

पायरी १: टाकाऊ फोटोंचे ढीग करा

शेवटची तीन-चार शूट घ्या. चांगल्या फोटोंकडे बघू नका, ते कोणत्याही कॅमेऱ्याने आले असते. नापास फोटो शंभर टक्के मोठे करून बघा आणि प्रत्येकाला एक रंग द्या. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ६, ७, ८ आणि ९ ही बटणं दाबली की लाल, पिवळा, हिरवा, निळा रंग लागतो. लाल म्हणजे फोकस चुकला. पिवळा म्हणजे फोटो हलला. हिरवा म्हणजे नॉइजने, अंधारात येणाऱ्या दाणेदारपणाने, चेहरा खाल्ला. निळा म्हणजे क्षणच हुकला, कॅमेरा तयार होईपर्यंत हार गळ्यात पडलेला होता.

डोळे मिटलेला मामा, कापलेलं डोकं, मागे आलेली प्लास्टिकची खुर्ची, यांना रंग देऊ नका. त्यांच्यावर कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही.

प्रत्येक फोटोखाली शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं भोक केवढं होतं; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) हे तीन आकडे दिसतात. तेही वाचत जा. तासाभराचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण लाखभर रुपयांचा निर्णय यावर ठरणार आहे.

पायरी २: पिवळा ढीग, म्हणजे हललेले फोटो

हलण्याचे दोन प्रकार असतात आणि नवशिके ते हमखास एकत्र करतात. सगळं चित्रच फरफटलेलं असेल, मांडवाच्या खांबासकट, तर हात हलला. खांब कडक आणि अक्षता टाकणारा हात तेवढा पुसट असेल, तर माणूस हलला. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, फक्त पहिल्या प्रकारावर चालतं. दुसऱ्यावर ते पाच स्टॉपचं असो की आठ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट फरक), काडीचा उपयोग नाही, तिथे शटर स्पीडच वाढवावा लागतो.

माझ्या पिवळ्या ढिगातले बहुतेक फोटो १/६० सेकंदाचे निघाले. ऑटो आयएसओ लावून मी निवांत होतो आणि कॅमेरा आपला १/६० वर अडून बसलेला. मेनूत ऑटो आयएसओसाठी किमान शटर स्पीड ठरवायची सोय असते. मी ती १/२५० वर नेली, नाचाच्या वेळी १/५००. पुढच्या लग्नात पिवळा ढीग जवळजवळ संपला. खर्च शून्य.

मात्र तुमची बॉडी स्टॅबिलायझेशन नसलेली असेल (सोनी ए-६४००, निकॉन झेड-५०, फुजीची एक्स-टी३ या तशाच) आणि तुम्ही जुनी देवळं टिपत असाल, तर गोष्ट वेगळी. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या सभामंडपात खांब काही पळून जात नाहीत. तिथे १/१० सेकंदाला हातात धरून कडक फोटो मिळणं हा खरा फायदा आहे आणि तो बॉडी बदलूनच मिळतो. निदान स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स तरी हवी.

पायरी ३: हिरवा ढीग, म्हणजे नॉइज

नव्या बॉडीवर लोक सगळ्यात जास्त भरवसा ठेवतात तो इथे, आणि इथेच ती सगळ्यात कमी देते.

२०१८ ची ए-सेव्हन थ्री आणि २०२१ च्या अखेरीस जाहीर झालेली ए-सेव्हन फोर. दोन्हींचे आयएसओ ६४०० चे फोटो सारख्या आकारात शेजारी ठेवले तर ओळखता येणार नाहीत इतके जवळ आहेत. सेन्सरचा आकार तोच राहिला, तर एका पिढीत अंधारातली चमत्कारिक प्रगती होत नाही. लहान म्हणजे क्रॉप सेन्सरवरून मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवर गेलात तर क्षेत्रफळ सुमारे २.३ पट होतं, म्हणजे एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त फायदा.

आता लेन्सचा हिशेब बघा. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर येते. तिच्याजागी एफ/१.८ ची साधी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, लावा: आत येणारा प्रकाश नऊ-दहा पट वाढतो, म्हणजे तीन स्टॉपच्याही वर. जिथे आयएसओ १२८०० लागत होता तिथे १६०० पुरतो. मंगल कार्यालयाच्या पिवळट उजेडात हा फरक आंधळ्यालाही दिसेल. माझ्या अडीच लाखांपैकी पन्नासेक हजार ८५ मिलिमीटरच्या प्राइमवर गेले आणि बाकीचे बँकेत राहिले.

दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा. अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डीनॉइज आणलं. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर जुन्या बॉडीचा आयएसओ ६४०० चा फोटो त्यातून इतका स्वच्छ निघतो की माझ्या मते तो बॉडीच्या एका पिढीपेक्षा मोठा फायदा आहे. लॅपटॉप घामाघूम होतो, एवढंच. अजून जेपेगमध्येच फोटो काढत असाल तर बॉडीचा विषय बाजूला ठेवा आणि आजपासून रॉ चालू करा.

पायरी ४: लाल ढीग, म्हणजे फोकस

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. गेल्या सात-आठ वर्षांत मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडी कुठे खरोखर बदलल्या असतील तर त्या फोकसमध्ये.

निकॉनचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. २०१९ ची झेड-५० आणि नोव्हेंबर २०२४ ची झेड-५० टू, दोन्हींचा सेन्सर तोच, २०.९ मेगापिक्सेलचा. स्टॅबिलायझेशन दोन्हींत नाही. बदलला तो प्रोसेसर. जुन्या बॉडीला माणूस आणि कुत्री-मांजरं एवढंच ओळखू येतं, नवीला पक्षी, गाड्या, विमानं धरून नऊ प्रकार. म्हणजे नेमका लागलेला फोटो दोन्हींतून सारखाच दिसतो, पण शंभरातले किती नेमके लागतात तो आकडा बदलतो. तुमचा लाल ढीग पक्ष्यांचा असेल तर बदलाला अर्थ आहे. तो ढीग एका जागी बसलेल्या आजीबाईंचा असेल, तर चूक तुमच्या सेटिंगची आहे.

म्हणून पैसे काढण्याआधी चार गोष्टी तपासा. हलणाऱ्या विषयासाठी फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर, म्हणजे एएफ-सी वर आहे का? चेहरा-डोळा ओळखणं चालू आहे का, आणि ते माणसावर लावलंय की प्राण्यावर? काही बॉडींत हे हाताने बदलावं लागतं. मी एकदा संपूर्ण हळद प्राण्याच्या सेटिंगवर काढली होती, नवरदेवाला अजून सांगितलेलं नाही. फोकसचा चौकोन केवढा ठेवलाय? आणि शेवटचं, फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, कितव्या आवृत्तीचं आहे?

फर्मवेअरला हलक्यात घेऊ नका. ए-सेव्हन थ्रीला एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने प्राण्यांचा डोळा ओळखण्याची सोय फुकटात दिली. फुजीने ऑक्टोबर २०२० मध्ये एक्स-टी३ साठी ४.०० आवृत्ती काढली आणि तिचा फोकस त्याच वर्षीच्या नव्या एक्स-टी४ च्या तोडीला आणला. दोन्हींचा सेन्सर तोच, २६ मेगापिक्सेलचा. मग एक्स-टी४ मध्ये वेगळं काय उरलं? मुख्यतः स्टॅबिलायझेशन, मोठी बॅटरी आणि पूर्ण फिरणारा स्क्रीन. ज्यांनी केवळ फोकससाठी ती घेतली त्यांना थोडे दिवस थांबणं स्वस्तात पडलं असतं. कंपनीच्या साइटवर जाऊन आपल्या बॉडीची शेवटची आवृत्ती बघा, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि अपडेट मध्येच तोडू नका.

हे सगळं करूनही माझा भिगवणचा लाल ढीग हलला नाही. उजनीच्या पाण्यावर नावेतून काढलेले फोटो, आणि फोकस दर वेळी मागच्या गवतावर. ए-सेव्हन थ्रीला पक्ष्याचा डोळा ओळखताच येत नाही, ती सोय पुढच्या बॉडींत आली. म्हणजे लग्नासाठी मला बॉडीची गरज नव्हती, पक्ष्यांसाठी होती. आणि मग लक्षात आलं की त्यासाठी ए-सेव्हन फोरही घ्यायला नको. जुलै २०२३ मध्ये आलेल्या क्रॉप सेन्सरच्या ए-६७०० मध्ये विषय ओळखण्यासाठी वेगळी एआय चिप आहे, जी ए-सेव्हन फोरमध्ये नाही. तेव्हाची किंमत १,३६,९९० रुपये. माझ्या त्याच लेन्स तिला लागतात आणि क्रॉपमुळे ४०० मिलिमीटरची लेन्स ६०० सारखी दिसते. "वरची" बॉडी आणि "आपल्या कामाची" बॉडी एकच असेल असं नाही, हे मला कचरापेटीनेच सांगितलं.

पायरी ५: निळा ढीग आणि एक फसवा ढीग

क्षण हुकण्याचं कारण क्वचितच सेकंदाला किती फोटो हे असतं. बहुधा कार्ड संथ असतं. साध्या एसडी कार्डाची, म्हणजे यूएचएस-वनची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट, यूएचएस-टूची ३१२. सलग फोटो काढल्यावर कॅमेरा "थांबा जरा" म्हणत असेल तर आधी कार्ड बदलून बघा. मात्र तुमच्या बॉडीचा स्लॉट यूएचएस-टूचा आहे याची खात्री करूनच महाग कार्ड घ्या. ए-सेव्हन थ्रीमध्ये दोन स्लॉट आहेत, पण वेगवान एकच. आणि वेगाच्या आकड्यांना भुलू नका: ए-सेव्हन थ्री आणि फोर दोन्ही कागदावर सेकंदाला १० फोटो काढतात, पण फोरमध्ये हा वेग फक्त कॉम्प्रेस्ड, म्हणजे दाबून लहान केलेल्या, रॉ मध्ये मिळतो. लॉसलेस किंवा अनकॉम्प्रेस्ड निवडलं की तो सहाच्या आसपास उतरतो.

फसवा ढीग म्हणजे आडवे पट्टे पडलेले फोटो. स्टेजवरच्या एलईडी दिव्यांखाली सायलेंट (म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं की हे होतं आणि लोक समजतात कॅमेरा बिघडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ए-सेव्हन फोरचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरने पूर्ण वाचून व्हायला सुमारे १/१५ सेकंद लागतो. तेवढ्यात दिवा सहा-सात वेळा लुकलुकून जातो, तितके पट्टे. म्हणजे थ्रीवरून फोरवर जाऊनही ही डोकेदुखी सुटत नाही. मेकॅनिकल शटर लावा, वेग १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे बहुतेक जातात. डीजेवाल्यांचे आणि मागच्या एलईडी भिंतीचे दिवे वेगळ्याच तालात लुकलुकतात, तिथे शटर स्पीड थोडा खालीवर करून बघावा लागतो. गाभाऱ्यात, नाटकाच्या प्रयोगात आवाज न करता काम करणं हीच तुमची रोजीरोटी असेल, तर निकॉन झेड-६ थ्रीसारखी अंशतः स्टॅक्ड (म्हणजे झटपट वाचून होणाऱ्या) सेन्सरची किंवा झेड-८ सारखी पूर्ण स्टॅक्ड सेन्सरची बॉडी बघा. तिथे पैसे योग्य जागी जातात.

मेगापिक्सेलबद्दल

थोडक्यात उरकतो. आपल्याकडचा लग्नाचा अल्बम १२ बाय ३६ इंचाचा, म्हणजे एक पान १२ बाय १८. ३०० डीपीआयला त्याला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ चा कॅमेरा पान भरून उरतो. २४ वरून ३३ वर गेलात तर फोटोची रुंदी वाढते फक्त १७ टक्क्यांनी. पक्षी लांब असेल आणि कापावंच लागत असेल तर उपयोग आहे, नाहीतर व्हॉट्सॲपवर जाताना त्या ३३ चा चुराच होणार आहे.

पायरी ६: बॉडीच्या मागून येणारा खर्च कागदावर लिहा

बॉडीची किंमत लिहिली की तिच्याखाली लिहा: कार्डं, जादा बॅटरी, हार्ड डिस्क, लॅपटॉप. ए-सेव्हन फोरमध्ये काही व्हिडिओ मोड वापरायला सीएफ-एक्स्प्रेस टाइप-ए कार्ड हवं, आणि ते महाग असतं. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते व्हिडिओत. नव्या बॉडी १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, रेकॉर्ड करतात. रंग सुंदर सुटतात, पण पाच-सहा वर्षांपूर्वीचा विंडोज लॅपटॉप ती फाइल टाइमलाइनवर टाकली की गुडघे टेकतो. माझ्या ओळखीतल्या एकाने बॉडी घेतली आणि तीन महिने जुन्या ८-बिटमध्येच शूट केलं, कारण एडिटिंगचं मशीन घ्यायला पैसे उरले नव्हते. बॉडी घेण्याआधी इंटरनेटवरून त्या मॉडेलची एखादी मूळ रॉ आणि व्हिडिओ फाइल उतरवून घ्या आणि आपल्या मशीनवर चालवून बघा.

नव्या बॉडीत चार्ज जास्त टिकतो असंही नाही. एका चार्जवर ए-सेव्हन थ्रीला स्क्रीन वापरून ७१० फोटोंचं रेटिंग आहे, फोरला ५८०. बॅटरी मात्र तीच.

पायरी ७: माउंट बघा

माउंट म्हणजे बॉडीला लेन्स जोडायची कडी. एकाच माउंटमध्ये राहणार असाल तर ही पायरी सोडा. कॅननची एम-५० ज्यांच्याकडे आहे त्यांनी मात्र नीट वाचावं. ती मालिका कॅननने बंद केली आणि तिच्या लेन्स नव्या आर मालिकेला कोणत्याच साध्या अडॅप्टरने लागत नाहीत. कारण भूमितीचं आहे: एम मध्ये लेन्सची कडी आणि सेन्सर यांच्यात १८ मिलिमीटर अंतर, आर मध्ये २०. अडॅप्टरने अंतर वाढवता येतं, कमी करता येत नाही. तेव्हा तुमच्यासाठी हा बॉडीचा नाही, नव्या संसाराचा प्रश्न आहे आणि सोनी, निकॉन, फुजी सगळ्यांना समान संधी देऊन बघा. कॅननच्याच जुन्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स असतील तर चिंता नाही, त्या आर मालिकेवर अडॅप्टरने छान चालतात. निकॉनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ज्यांच्यात स्वतःची मोटर नाही अशा जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरवर चालत नाही.

पायरी ८: भाड्याने आणा

पुण्या-मुंबईत आणि आता बऱ्याच जिल्ह्यांच्या गावीही बॉडी दिवसावर भाड्याने मिळते. दुकानात हातात धरून बघण्याला काही अर्थ नसतो, दुकानात उजेड भरपूर असतो. ज्या कामात ढीग वाढतो त्याच कामाला, स्वतःच्याच लेन्स लावून न्या. आल्यावर पुन्हा रंग द्या. ढीग निम्मा झाला नसेल तर बॉडी परत करा आणि विषय संपवा.

पायरी ९: घेताना आणि विकताना

दुकानदाराला पहिला प्रश्न: भारतातली वॉरंटी आहे का? मुंबईत फोर्टला बोरा बाजारात फिरलात तर एकाच बॉडीचे दोन भाव ऐकू येतील. स्वस्त भाव बहुधा बाहेरून आणलेल्या मालाचा असतो, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दापुरती. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी असतो. तुमचा व्यवसाय जीएसटीखाली नोंदलेला असेल तर बिल आपल्या नंबरावर करून घ्या, त्याचं क्रेडिट मिळतं. अडीच लाखांच्या बॉडीत अडतीस हजारांच्या आसपास रक्कम होते, विसरण्यासारखी नाही.

सेकंडहँड घेत असाल तर माझ्या मते नव्या मॉडेलच्या आगमनानंतरचे दोन-तीन महिने उत्तम, कारण तेव्हा मागचं मॉडेल विकायला रांग लागते. बघायला जाताना एक पांढरा कागद आणि आपलं कार्ड न्या. कागदाचा एक फोटो एफ/१६ वर काढा, सेन्सरवरची धूळ दिसेल. दुसरा लेन्सचं झाकण लावून, जास्त आयएसओवर. त्यात रंगीत ठिपके किंवा सरळ रेघ दिसली तर उठून निघा. मिरवणुकीतला किंवा संगीतातला लेझर थेट सेन्सरवर पडला की असा डाग कायमचा राहतो, आणि मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसल्याने धोका जास्त. आपल्याकडे गणपतीत शूट केलेल्या बॉडी विकायला फार येतात. कोकणातून आलेल्या लेन्सवर टॉर्च मारून बुरशी बघा.

जुनी बॉडी मात्र लगेच विकू नका. नवीचा मेनू अंगवळणी पडायला दोन-तीन शूट लागतात, आणि लग्नात एक बॉडी अडली तर सप्तपदी दुसऱ्यांदा होत नाही. माझी ए-सेव्हन थ्री अजून ८५ ची लेन्स लावून मांडवात उभी असते. ए-६७०० भिगवणला जाते, नोव्हेंबर ते मार्च.